‘एक काम, एक खोकं’ कोकणात खरंच बरं का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार दादा,

लॉजिकल सर्व्हरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मोठी आहे आणि रोखठोक आहे. कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात वर्षानुवर्षं मशीन उघडून बसणाऱ्या माणसाने ती लिहिली आहे, म्हणून तिथेच खाली दोन ओळी टाकून मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की पतसंस्था, काजू कारखाना, नर्सिंग होम अशा ठिकाणी प्रत्येक कामाला वेगळं खोकं ठेवू नये. दोन-तीन बऱ्यापैकी मशीन एकत्र जोडून त्यांची मेमरी, प्रोसेसर आणि डिस्क यांचा एक पूल (सामायिक साठा) करावा आणि लागतील तसे सर्व्हर त्यातून काढावेत. त्यावर तुमचं म्हणणं असं: लॉजिकल सर्व्हर म्हणजे व्हर्च्युअल मशीनच (खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभं केलेलं मशीन), उगाच नवी फॅशन. सगळं एकत्र बांधलं की एक बिघाड सगळ्यांना घेऊन बुडतो. आपल्याकडे लाइट जाते, विजा पडतात, तेव्हा आधी अर्थिंग नीट करा. वर तीन मशीन म्हणजे तिप्पट वीज. डोंगलवालं सॉफ्टवेअर (यूएसबीला परवान्याची किल्ली लावल्याशिवाय न चालणारं) या पुलात बसत नाही. आणि शेवटचं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य: ‘हे बिघडलं तर गावातला मुलगा काही करू शकणार नाही, मुंबईची वाट बघत बसावं लागेल.’

व्हर्च्युअल मशीन हा यातला एक भाग झाला. लॉजिकल सर्व्हर म्हणजे सर्व्हरचं लिहून ठेवलेलं वर्णन: किती कोअर, किती मेमरी, कुठली डिस्क, कुठलं नेटवर्क, कुठला मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक), कुठून बूट व्हायचं. सरकारी कार्यालयात मंजूर पद वेगळं आणि त्यावर बसलेला माणूस वेगळा, तसंच हे. माणसाची बदली झाली तरी पद, त्याची कामं आणि त्याचे अधिकार जागेवर राहतात. हे वर्णन हायपरवायझरवर (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) उतरवलं की व्हर्च्युअल मशीन होतं, पण तेच वर्णन सबंध भौतिक मशीनवरही उतरवता येतं. एचपीच्या ब्लेड सर्व्हरांत (एका चौकटीत शेजारी शेजारी बसवलेले पातळ सर्व्हर) व्हर्च्युअल कनेक्ट नावाची सोय याचसाठी होती. सिस्कोने २००९ मध्ये यूसीएस ही सर्व्हर यंत्रणा आणली, त्यात याला सर्व्हिस प्रोफाइल म्हणतात. नेटवर्क कार्डावर कारखान्यात छापलेला मॅक ॲड्रेस न वापरता प्रोफाइलमधला वापरायचा, बूट बाहेरच्या स्टोरेजवरून करायचं. एक ब्लेड मेलं की त्याचं प्रोफाइल शेजारच्या रिकाम्या ब्लेडवर लावायचं. नेटवर्कच्या स्विचला, स्टोरेजला, लायसन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो जुनाच सर्व्हर दिसतो. इथे व्हर्च्युअल काहीच नाही, तरी सर्व्हर लॉजिकल आहे.

फॅशनचं म्हणाल तर आयबीएमने व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीएम/३७० बाजारात आणलं ते १९७२ मध्ये. त्याची पूर्वतयारी साठच्या दशकातच झाली होती. साध्या पीसीच्या प्रोसेसरला हे काम सहज झेपू लागलं ते इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये चिपमध्येच त्याची सोय केल्यावर, आणि २००७ मध्ये केव्हीएम हा हायपरवायझर लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आला. म्हणजे आज तुमच्या टेबलावर दुरुस्तीला येणाऱ्या जवळपास प्रत्येक मशीनमध्ये ही ताकद आहे. फक्त बायोसमध्ये ती पुष्कळदा बंद ठेवलेली असते, हे तुम्ही माझ्याइतकंच पाहिलं असेल.

आता कोकणाचं बोलू, कारण तुमचा सगळा आक्षेप ‘हे इथे चालणार नाही’ असा आहे आणि माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. पावसाळा संपल्यावर रत्नागिरीत मिऱ्या-मिरकरवाड्याकडच्या किंवा मालवणातल्या एखाद्या ऑफिसातलं मशीन उघडा. कॅबिनेटच्या स्क्रूंवर गंज, पॅरलल पोर्टच्या तोंडाशी हिरवट थर, एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात) वाळलेली पाल, रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरने घासल्या की मशीन पुन्हा सुरू. खारा वारा आणि दमट हवा आपल्याकडे यंत्राचं आयुष्य ठरवतात. मेच्या शेवटी वळवाच्या विजा चमकल्या की लॅनच्या वायरीतून झटका येऊन नेटवर्क पोर्ट जातो, कधी मदरबोर्डही. आणि तोच मदरबोर्ड चार वर्षांनी बाजारात मिळत नाही. मग जुनी हार्डडिस्क नव्या बोर्डाला लावायची, विंडोज निळा पडदा दाखवतं, ड्रायव्हर शोधा, लायसनवाल्याला फोन करा, आणि काउंटरवर खातेदार उभे. जिथे खोकी लवकर मरतात, तिथेच सर्व्हरची ओळख खोक्यापासून सोडवून ठेवायची गरज जास्त आहे. पुण्याच्या वातानुकूलित सर्व्हर रूममध्ये एकवेळ हे नसलं तरी चालून जाईल.

प्रॉक्समॉक्स या मुक्त हायपरवायझरमध्ये ही ओळख म्हणजे डझनभर ओळींची साधी टेक्स्ट फाइल असते. उघडली तर सरळ वाचता येते: कोअर्स ४, मेमरी ८१९२, डिस्क कुठल्या स्टोरेजवरची आणि किती जीबीची, नेटवर्क कार्ड कुठल्या प्रकारचं, त्यापुढे मॅक ॲड्रेस, त्यापुढे ब्रिजचं (सर्व्हरला बाहेरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या दुव्याचं) नाव. क्लस्टरमधल्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या गटातल्या, प्रत्येक मशीनकडे या फाइलची प्रत आपोआप पोचलेली असते. पहिलं मशीन जळालं तरी त्यावरच्या सर्व्हरांची ओळख दुसऱ्या आणि तिसऱ्यावर शाबूत आहे. आतल्या विंडोजला किंवा लिनक्सला दिसणारं हार्डवेअर तेच राहतं, त्यामुळे निळा पडदा नाही आणि मॅक ॲड्रेसला बांधलेलं लायसनही कुरकुरत नाही.

पण ओळख राहिली आणि डेटा गेला तर काय उपयोग? ‘एक बिघाड सगळ्यांना घेऊन बुडतो’ हा तुमचा आक्षेप इथे खरा बोचतो, आणि पूल घाईने बांधला तर तो शंभर टक्के खरा ठरतो. बरेच जण तीन मशीन घेतात आणि सगळ्यांच्या डिस्क एकाच स्वस्त नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) ठेवतात. मग ते नॅस हाच एकमेव जीव. ते बसलं की तिन्ही मशीन धडधाकट असून सगळे सर्व्हर बंद. असा पूल करण्यापेक्षा तुमची वेगवेगळी खोकी बरी, इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

मग डेटा ठेवायचा कुठे? सेफ (Ceph) हे अनेक मशीनच्या डिस्क एकत्र वापरणारं सॉफ्टवेअर हा एक मार्ग: प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती, तीन वेगळ्या मशीनवर. भक्कम आहे, पण त्याला किमान तीन मशीन, चांगल्या एसएसडी आणि दहा गिगाबिटचं नेटवर्क हवं, नाहीतर तो रडत चालतो. तालुक्याच्या पतसंस्थेला मी तो सुचवणार नाही. तिथे प्रत्येक मशीनवर झेडएफएस (डिस्कवरचा डेटा सांभाळणारी फाइल सिस्टिम) आणि ठरावीक वेळाने एकाकडून दुसऱ्याकडे डिस्कची प्रत, एवढं बहुतेक कामांना पुरतं. प्रॉक्समॉक्स हे मुळात दर पंधरा मिनिटांनी करतं आणि अंतर एका मिनिटापर्यंत कमी करता येतं. बदललेले तुकडेच जात असल्यामुळे साधं गिगाबिट नेटवर्क पुरतं. मात्र याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पहिलं मशीन बसलं तर दुसऱ्यावर सर्व्हर उठतो तो शेवटच्या प्रतीच्या वेळेचा. मधल्या नोंदी गेल्या. फाइल सर्व्हरला हे चालतं. पतसंस्थेच्या भरणा-काढणीला एक मिनिटही चालत नाही. तिथे डेटाबेसची स्वतःची प्रतिकृती वेगळी चालवावी लागते, दोन मशीनवर दोन डेटाबेस सर्व्हर, एकावर नोंद होते ती दुसऱ्यावर पोचल्याशिवाय पक्की धरायची नाही. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला हे जमत नसेल तर काउंटरची छापील दैनिक यादी जपून ठेवायची आणि तेवढ्या नोंदी हाताने पुन्हा करायच्या. कुठल्या कामाला किती मिनिटांचा डेटा गेला तर चालेल, हे मॅनेजरला विचारून कागदावर घ्यायचं आणि मगच पुलाची रचना करायची. मशीन विकत घ्यायच्या आधी.

दुसरा धोका याहून वाईट आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. दोनच मशीनचा पूल केला आणि मधली लॅनची वायर उंदराने कुरतडली, तर दोन्ही मशीन जिवंत असून प्रत्येकाला वाटतं की दुसरं मेलं. दोघांनीही हिशोबाचा सर्व्हर सुरू केला तर एकाच आयपीचे दोन सर्व्हर, अर्ध्या नोंदी इकडे, अर्ध्या तिकडे. मेलेला सर्व्हर परवडला, हा गोंधळ निस्तरता येत नाही. म्हणून पुलात बहुमत लागतं. तीन मशीन म्हणजे तीन मतं, आणि ज्याच्याकडे दोन मतं त्यानेच काम चालवायचं. बहुमत हरवलेलं मशीन आपल्यावरचे सर्व्हर चालवायचा हट्ट धरत नाही, वॉचडॉगच्या (मशीन अडकलं तर ते आपोआप रीस्टार्ट करणाऱ्या) घड्याळाने स्वतःला रीस्टार्ट करतं. मग उरलेली दोन मशीन त्याची कामं उचलतात. या सगळ्याला साधारण दोन मिनिटं जातात. तिसऱ्या मोठ्या मशीनचे पैसे नसतील तर तिसरं मत द्यायला एखादं लहानसं मशीन, अगदी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकही चालतो. त्यावर सर्व्हर चालवायचे नसतात, मत द्यायचं असतं. फक्त ते त्याच स्विचला, त्याच प्लगपट्टीला लावू नका.

आणि पूल भरून काढायचा नसतो. चौसष्ट जीबीची तीन मशीन म्हणजे एकूण १९२ जीबी, पण वाटायला तेवढी नाही. एक मशीन गेलं की १२८ उरते, त्यातून हायपरवायझरचं आणि झेडएफएसच्या कॅशचं बाजूला काढलं की शंभरच्या आसपास. सगळ्या सर्व्हरांना मिळून एवढीच मेमरी द्यायची. कोअर थोडे जास्त वाटले तर चालतात, कारण सगळे एकदम राबत नाहीत. मेमरीत ती सवलत नाही. मशीन वेगवेगळ्या वयाची असतील, आणि आपल्याकडे ती असतातच, तर सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ (खरा प्रोसेसर जसाच्या तसा दाखवणारा) ठेवू नका. सगळ्यात जुन्या मशीनला झेपेल असा सामायिक प्रकार ठेवा, नाहीतर चालू सर्व्हर नव्यावरून जुन्यावर हलवताना तो आपटतो. इंटेल आणि एएमडी एकाच पुलात असतील तर चालू सर्व्हर हलवायच्या भानगडीत पडू नये, बंद करून दुसरीकडे चालू करावा.

लाइट आणि अर्थिंगबद्दल वादच नाही. अर्थिंग आधी, मग यूपीएस, मग पूल. पण तुम्ही म्हणता की तीन मशीन म्हणजे तिप्पट वीज, ते पटत नाही. आज अशा ऑफिसात पाच-सहा खोकी असतात आणि प्रत्येकाखाली बॅटरी मेलेला यूपीएस. त्यांच्या जागी तीन मशीन आणि एकच चांगला यूपीएस आला तर खर्च वाढत नाही. वर नेटवर्क यूपीएस टूल्स हे सॉफ्टवेअर बसवलं की बॅटरी उतरायला लागताच आधी सर्व्हर नीट बंद होतात, मग मशीन. अचानक लाइट जाऊन डेटाबेस खराब होणं हा आपल्याकडचा अर्धा आजार आहे, आणि तो या एका गोष्टीने बरा होतो.

एका खोलीतला पूल म्हणजे शेवटी एकच खोली, हे मात्र ठळकपणे सांगायला हवं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरची एक, तीन की दहा मशीन, काही फरक पडला नसता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड-श्रीवर्धन भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. असल्या वेळी पूल वाचवत नाही, बाहेर ठेवलेला बॅकअप वाचवतो. मशीन वरच्या मजल्यावर ठेवा, आणि रोजचा बॅकअप दुसऱ्या गावातल्या शाखेत किंवा क्लाउडवर पाठवा. सर्व्हरच क्लाउडवर का नेत नाहीत, असंही एका वाचकाने विचारलं आहे. ज्यांच्याकडे दोन वेगळ्या मार्गांनी आलेली लाइन आहे त्यांनी जरूर न्यावेत. महामार्गाच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की ज्यांचा काउंटर बंद पडतो, त्यांनी रोजचं काम जवळ आणि प्रत लांब ठेवावी.

डोंगलचा तुमचा मुद्दा मला आवडला, कारण पुलात भौतिक मशीनही का धरायचं याचं ते चांगलं उदाहरण आहे. डोंगल एका मशीनच्या यूएसबीला लावून त्या सर्व्हरला जोडून देता येतं, पण मग तो सर्व्हर त्या मशीनला बांधला गेला. दुसरं मशीन त्याला उचलू शकत नाही. उपाय म्हणजे यूएसबी नेटवर्कवरून देणारी छोटी पेटी. डोंगल पेटीत, पेटी स्विचला, आणि सर्व्हर कुठल्याही मशीनवर गेला तरी डोंगल दिसतं. सगळीच डोंगलं असं मानत नाहीत. एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या यंत्राला जोडलेलं, आत खास कार्ड असलेलं मशीन तर व्हर्च्युअल करायच्या नादी लागूच नये. ते भौतिकच राहू द्या, पण त्याचंही वर्णन लिहा: डिस्कची पूर्ण इमेज पुलातल्या स्टोरेजवर, त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) डीएचसीपीत, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सोयीत, राखून ठेवलेला, बायोसच्या सेटिंगचे फोटो, आणि त्याच मॉडेलचं एक जुनं मशीन कपाटात. मूळ मशीन गेलं की इमेज दुसऱ्यावर ओतायची, कार्ड बदलायचं. दोन मिनिटांत नाही होणार, पण अर्ध्या दिवसात होईल. तोही लॉजिकल सर्व्हरच, फक्त हाताने चालवलेला.

परवान्यांचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण खर्चात तोच फसवतो म्हणून सांगतो. मशीनसोबत कंपनीकडूनच आलेलं (ओईएम) विंडोज त्या मशीनचंच असतं, पुलात नेता येत नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये मशीनचे सगळे कोअर, किमान सोळा, परवान्यात घेतले की त्यावर दोन व्हर्च्युअल सर्व्हर चालवता येतात, आणि सर्व्हर ज्या ज्या मशीनवर आपोआप जाऊ शकतो त्या प्रत्येकासाठी परवाना लागतो. तीन मशीन म्हणजे इथे खरोखर तिप्पट. म्हणून मी म्हणतो, जे लिनक्सवर चालतं ते लिनक्सवर हलवा आणि विंडोजचे सर्व्हर दोनच मशीनमध्ये फिरतील असे बांधा. हायपरवायझरचं म्हणाल तर ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यावर कायमचे परवाने बंद करून वर्गणी आणली. लहान संस्थांना तेव्हापासून प्रॉक्समॉक्ससारखे मुक्त पर्यायच परवडतात.

आता गावातला मुलगा. दादा, या पुलामुळे त्याचं काम अवघड होतं असं तुम्हाला वाटतं. आज त्याची अवस्था काय असते? गणपतीच्या तोंडावर सर्व्हर बंद पडलेला, दुकानं बंद, मॅनेजर डोक्यावर उभा, आणि त्याच खोक्यात संस्थेचा एकमेव डेटा. हात लावायलाही भीती वाटते. पुलात सर्व्हर दुसऱ्या मशीनवर चालू असतो. त्याने बिघडलेलं मशीन बाहेर काढावं, एसएमपीएस बदलावा, बोर्ड गेला असेल तर एसटीच्या पार्सलने कोल्हापूरला पाठवावा, आठवड्याने परत आणून जोडावा. दुरुस्ती तीच, जी त्याला येते, फक्त घाईची नाही. नवीन शिकायचं ते थोडं आहे: मशीन पुलातून कसं काढायचं, पुन्हा कसं घालायचं, बॅकअपवरून सर्व्हर कसा उभा करायचा. क्लस्टर तुटला, बहुमत गेलं, झेडएफएसने डिस्क नाकारली, असे प्रसंग वर्षातून एखाद्या वेळी येतील आणि तेव्हा दूरवरच्या जाणकाराची मदत लागेल. पण ती फोनवरून आणि रिमोटने मिळते, त्यासाठी मुंबईहून कुणाला यावं लागत नाही.

यासाठी संस्थेने दोन गोष्टी कराव्यात. सुरू-बंद करायचा क्रम, कुठली वायर कुठे आणि कुणाला फोन करायचा हे मराठीत लिहून सर्व्हरच्या कपाटात लावावं, पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवावेत. आणि दर मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, एका रविवारी एक मशीन मुद्दाम बंद करून बघावं, एक सर्व्हर बॅकअपवरून उभा करून आत लॉगिन करून बघावं. हे त्या मुलाच्या हातूनच करून घ्यावं, मॅनेजरने शेजारी बसावं.

तुमच्या भागात कुणी तयार असेल तर जुनी का होईना, आय-फाइव्हची दोन मशीन आणि मत द्यायला एक लहान मशीन घेऊन फक्त फाइल सर्व्हर आणि हजेरीचं सॉफ्टवेअर यांपासून सुरुवात करा. हिशोबाला वर्षभर हात लावू नका. आणि एक विनंती: कुठली डोंगलं नेटवर्कच्या पेटीतून चालतात आणि कुठली चालत नाहीत, याचा अनुभव तुमच्याकडे माझ्यापेक्षा नक्की जास्त असेल. तेवढी यादी प्रतिक्रियेत टाकलीत तर मूळ लेखात तुमच्या उल्लेखासह जोडतो.